पाण्याकाठची वाट

नदीकाठाने किंवा तळ्याच्या कडेने जाणारी वाट कोणाला आवडत नाही? एका बाजूस झाडांची रांग, दुसऱ्या बाजूस पाण्याचा विस्तार, त्यावरून येणारा गार वारा आणि दूरवर डोंगरांची निळसर रेघ, असे दृश्य समोर आले की चालणाऱ्याची पावले आपोआप मंदावतात. सायकलवरून जाणारा मनुष्यही क्षणभर पाय थांबवून पाण्याकडे पाहतो. परंतु तेवढ्यात मागून भरधाव येणाऱ्या मोटारीचा कर्णा वाजतो. चालणारा दचकून रस्त्याखाली उतरतो, सायकलस्वाराचा तोल जातो आणि पाण्याकडे लागलेली दृष्टी भयाने मागे वळते. निसर्गाने जी वाट रमणीय केली, ती माणसाच्या घाईने भयप्रद केली, असे आज अनेक ठिकाणी दिसून येते.

नाशिकजवळची अशीच एक वाट पाहू. गोदावरी ब्रह्मगिरी पर्वतावर उगम पावते आणि त्र्यंबकेश्वराहून पूर्वेकडे वाहू लागते. नाशिक शहरास पोहोचण्यापूर्वी, गंगापूर गावाजवळ, तिचा प्रवाह मातीचे मोठे धरण बांधून अडविलेला आहे. हे धरण १९६५ साली पूर्ण झाले. त्याची भिंत साडेतीन किलोमीटरांहून अधिक लांब आहे. नाशिककरांची तहान मुख्यतः याच पाण्याने भागते. शहरातून निघालेला गंगापूर रस्ता आनंदवल्ली व सोमेश्वर ही ठिकाणे मागे टाकून गंगापूर गावाकडे जातो. तेथून सावरगावच्या दिशेने वळले की दोहों बाजूंस द्राक्षांचे मळे लागतात आणि धरणाचे संथ पाणी जवळ येते. पावसाळ्यात डोंगर हिरवे झाले, सोमेश्वरचा धबधबा कोसळू लागला, की सुटीच्या दिवशी शहरातील माणसांचे थवेच्या थवे या बाजूस लोटतात.

रस्ता एक असला, तरी त्याचा उपयोग करणारे अनेक असतात. पाठीवर दप्तर घेतलेली मुले शाळेस निघालेली असतात. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली मजूर स्त्री घराकडे वळलेली असते. किटल्या अडकवलेला गवळी शहराकडे येत असतो. टोमॅटोच्या हंगामात गिरणाऱ्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. एस. टी. च्या गाडीलाही हाच मार्ग लागतो आणि हवा पालटण्यासाठी बाहेर पडलेल्या कुटुंबाच्या मोटारीलाही. यांपैकी कोणालाही आपण ‘तू या रस्त्यावर येऊ नकोस’ असे म्हणू शकत नाही. मग एका रस्त्यावर इतक्या प्रकारच्या लोकांनी एकमेकांस इजा न करता कसे जावे, हा प्रश्न उभा राहतो. पाण्याकाठच्या रस्त्यावर तो अधिक बिकट होतो. कारण तेथे एका बाजूला पाणी असल्यामुळे बाजूस सरकण्यास जागा नसते, वळणे पुष्कळ असतात आणि वाहन चालविणाऱ्याचे लक्षही दृश्याकडे वेधले जाते.

हा प्रश्न मानवापुढे फार जुन्या काळापासून नव्हता. हजारो वर्षे रस्त्यावर माणसे, बैल, घोडे आणि गाड्या एकत्रच चालत होत्या. त्या सर्वांच्या वेगात मोठे अंतर नव्हते. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ले याने दोन सारख्या चाकांची आणि मागच्या चाकास साखळी जोडलेली सायकल तयार केली. सामान्य माणसाला स्वतःच्या पायांच्या बळावर दूर जाण्याचे साधन मिळाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत मोटार रस्त्यावर आली आणि सारे चित्र पालटले. १८९६ च्या ऑगस्ट महिन्यात लंडनमध्ये पायी चालणारी एक स्त्री मोटारीखाली सापडून मृत्यू पावली. इंग्लंडमध्ये मोटारीच्या धक्क्याने पादचारी मरण पावल्याची ही पहिली घटना मानतात. त्या वेळी लोकांना तिचा विलक्षण धक्का बसला होता.

आज अशा घटनांची संख्या ऐकली म्हणजे मन सुन्न होते. २०२१ या एका वर्षात साऱ्या जगात सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्त्यावरील अपघातांत मरण पावली, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात २०२२ साली अशा मृत्यूंची संख्या १ लाख ६८ हजारांहून अधिक होती आणि त्यांत ३२ हजारांहून अधिक केवळ पायी चालणारे होते. म्हणजे रस्त्यावर प्राण गमावणाऱ्या दर पाच व्यक्तींपैकी जवळजवळ एक व्यक्ती पादचारी होती. ज्याच्या चालण्याने दुसऱ्या कोणास इजा होण्याचा संभव नाही, त्यानेच एवढे मोल द्यावे, हा न्याय खचितच नव्हे.

या अनर्थाचे मूळ कशात आहे? ते मुख्यतः वेगात आहे. थोडेसे गणित केले म्हणजे हे सहज उमगेल. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात ८ मीटरांहून थोडी अधिक पुढे जाते. समोर एखादे मूल आलेले दिसले, तरी चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ब्रेक लागल्यावर, रस्ता कोरडा व चांगला असल्यास, गाडी आणखी सुमारे ५ मीटर जाऊन थांबते. म्हणजे मूल दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत १३ मीटर अंतर लागले. आता तीच गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने येत आहे असे समजू. पहिल्या सेकंदात ती जवळजवळ १७ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर पुन्हा सुमारे २० मीटर घसरत जाते. एकूण अंतर ३७ मीटर झाले. वेग दुप्पट झाला, पण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट झाले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मूल २० मीटरांवर असेल, तर पहिली गाडी त्याच्यापासून ७ मीटर अलीकडेच थांबेल. दुसऱ्या गाडीचा चालक मात्र ब्रेकवर पाय ठेवून तीन मीटर जातो न जातो तोच ती त्या मुलावर जाऊन आदळेल. चालक तोच, गाडी तीच, मूलही तेच. फरक केवळ वेगाचा.

धक्क्याच्या जोराचा विचार केला, तर हा फरक अधिकच स्पष्ट होतो. सुमारे साडेतीन मीटर उंचीवरून, म्हणजे एका मजल्यावरून, खाली पडणारी वस्तू जमिनीस ज्या वेगाने भिडते, तो वेग ताशी ३० किलोमीटर असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने भिडण्यासाठी मात्र तीच वस्तू चौदा मीटरांवरून, म्हणजे चार मजल्यांवरून, पडावी लागते. एका मजल्यावरून पडलेला मनुष्य बहुधा वाचतो. चार मजल्यांवरून पडलेला क्वचितच वाचतो. म्हणूनच २०२० च्या फेब्रुवारी महिन्यात स्वीडनमधील स्टॉकहोम येथे भरलेल्या जागतिक परिषदेत, जेथे पादचारी, सायकलस्वार आणि मोटारी एकत्र वावरतात तेथे वेग ताशी ३० किलोमीटरांहून अधिक नसावा, असे आवाहन करण्यात आले.

रस्त्यावर अपघात होऊ लागले की ‘रस्ता रुंद करा’ अशी मागणी सर्वप्रथम पुढे येते. ती वरवर योग्य वाटते. परंतु रुंद आणि सरळ रस्ता दिसला की चालकाचा पाय नकळत वेग वाढवितो, हा सर्वांचा अनुभव आहे. अरुंद गल्लीत जो मनुष्य सावकाश जातो, तोच मोकळ्या मैदानी रस्त्यावर सुसाट सुटतो. नाशिक शहरातील गंगापूर रस्त्याचे उदाहरण याबाबत बोलके आहे. तो रुंद करण्यात आला तेव्हा कडेची काही जुनी झाडे रस्त्याच्या मध्येच उभी राहिली. त्यांवर वाहने आदळून अपघात होऊ लागले. झाडे काढून टाकावीत, असे काहींचे म्हणणे पडले. झाडे आपल्या जागीच आहेत, रस्ता त्यांच्याकडे आला आहे, असे इतरांनी उत्तर दिले. अखेर नाशिकच्या वृक्षांचा हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन्ही पक्षांच्या बोलण्यात तथ्य होते. कारण माणसाचा जीव अमोल आहे आणि शंभर वर्षांचा वड एका दिवसात पुन्हा उभा करता येत नाही. परंतु या वादातून एक गोष्ट शिकावयास मिळते. रस्त्याची रुंदी वाढली म्हणजे सुरक्षितता आपोआप वाढते, असे नाही. पायी चालणारा आणि सायकलवाला यांची जागा आधी आखून मग वाहनांची जागा ठरविली, तरच रुंदीचा उपयोग होतो.

पाण्याकाठी तर रुंदी वाढवावयाची कोठे, हाच पहिला प्रश्न असतो. एका बाजूस शेते व घरे, दुसऱ्या बाजूस पाणी. अशा वेळी पाण्यातच थोडा भराव टाकून जागा मिळवावी, असा मोह पडतो. मुंबईच्या पवई तलावाबाबत असेच घडले. हा तलाव मुंबईस पाणी पुरविण्यासाठी १८९१ च्या सुमारास बांधण्यात आला होता. पुढे त्याचे पाणी पिण्यास योग्य राहिले नाही. परंतु त्यात मगरी राहतात आणि काठच्या झाडझुडपांत अनेक पक्ष्यांना आसरा मिळतो. मुंबई महानगरपालिकेने या तलावाच्या कडेने सायकलींसाठी व पायी फिरणाऱ्यांसाठी मार्ग बांधावयास घेतला. हेतू चांगला होता, यात शंका नाही. मुंबईसारख्या गजबजलेल्या शहरात निर्धास्तपणे सायकल चालविण्यास जागा कोठे आहे? परंतु त्यासाठी तलावाच्या कडेत दगडांचा भराव घालण्यास सुरुवात झाली. तेव्हा तेथील संशोधक विद्यार्थ्यांनी आणि निसर्गाचे रक्षण करू पाहणाऱ्या संस्थेने न्यायालयाचे दार ठोठावले. पाणथळ जागी भराव घालणे २०१७ च्या नियमांविरुद्ध आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदेशीर ठरविले आणि भराव काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला.

या निकालाचा अर्थ सायकलींसाठी मार्ग नको असा मुळीच नाही. दुबळ्या पादचाऱ्याला जागा द्यावयाची, ती त्याहून दुबळ्या जीवांची जागा हिरावून नव्हे, एवढाच त्याचा बोध आहे. नाशिक जिल्ह्याला तर पाणथळ जागेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे पक्ष्यांचे माहेरघर २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले, म्हणजे जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत त्याची गणना झाली. ज्या पाण्यासाठी माणसे त्या वाटेवर येतात, ते पाणीच आक्रसून गेले, तर वाट सुरक्षित होऊनही उपयोग काय?

मग रुंदी वाढवावयाची नाही, पाण्यात भराव घालावयाचा नाही, तर करावे तरी काय? याचे उत्तर साधे आहे. आहे ती जागा न्यायाने वाटून घ्यावी. घरात पाहुणे आले आणि अंथरूण कमी पडले, तर आपण भिंत पाडीत नाही. थोडे थोडे सरकून सर्वांस जागा करून देतो. रस्त्यावरही हेच करावयाचे असते. प्रथम पायी चालणाऱ्यासाठी सलग पायवाट हवी. तिच्यावर दोन माणसे समोरासमोर आली तरी एकमेकांस धक्का लागू नये, इतकी, म्हणजे निदान १.८ मीटर, ती रुंद असावी. ती मध्येच तुटू नये. कारण पाच ठिकाणी तुटलेली पायवाट म्हणजे पाच ठिकाणी धोक्यात उतरण्याची सक्तीच होय. तिची उंचीही बेताची असावी, नाही तर म्हातारी माणसे आणि चाकाच्या खुर्चीवरून जाणारे अपंग तिच्यावर चढू शकत नाहीत. तिच्यालगत सायकलींसाठी पट्टा असावा. नुसती पांढरी रेघ ओढल्याने तो सुरक्षित होत नाही, कारण रेघ कोणाला अडवीत नाही. मध्ये झाडांची ओळ, दगडांची कड किंवा लहान खांब असले, म्हणजे मोटार त्यात शिरत नाही.

उरलेल्या जागेतून वाहने जावीत, पण तेथे चालकाने सावकाश जावे अशी रस्त्याची रचनाच असावी. वेगमर्यादेचा फलक लावला की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. फलक वाचणारे थोडे आणि पाळणारे त्याहून थोडे. परंतु वाहनांचा मार्ग थोडा अरुंद केला, वळणाआधी गतिरोधक घातला आणि रस्ता ओलांडण्याची जागा पायवाटेइतकी उंच केली, म्हणजे फलक न वाचणाराही आपोआप वेग कमी करतो. गतिरोधकावर पांढरे-पिवळे पट्टे मात्र ठळक असावेत. न दिसणारा गतिरोधक सायकलवाल्याचाच घात करतो. पाहण्याजोग्या ठिकाणी थांबणाऱ्या गाड्यांसाठी रस्त्यापासून दूर जागा असावी, म्हणजे त्या पायवाटेवर उभ्या राहणार नाहीत. जेथे पाणी अगदी जवळ येते, तेथे भक्कम कठडा हवा. झाडांच्या खोडांवर पांढरा पट्टा आणि चकाकणारी पट्टी असावी. दिव्यांचा प्रकाश खाली वाटेवर पडावा, पाण्यावर पसरू नये. कारण रात्र ही पक्ष्यांच्या विसाव्याची वेळ असते. या सर्व गोष्टींना फार मोठा खर्च लागत नाही. लागते ती दृष्टी.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे. ‘वाहने सावकाश गेली, तर कामाचा खोळंबा होईल. शेतकऱ्याचा टोमॅटो वाटेत नासेल, आजाऱ्याला रुग्णालयात पोहोचण्यास उशीर होईल,’ असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याचेही गणित करून पाहावे. पाण्याकाठचा अरुंद भाग तीन किलोमीटरांचा आहे असे समजू. ताशी ६० किलोमीटर वेगाने तो तीन मिनिटांत सरतो. ताशी ३० किलोमीटर वेगाने सहा मिनिटे लागतात. म्हणजे गाडीवाल्यास तीन मिनिटे अधिक द्यावी लागली. तीन मिनिटांत टोमॅटो नासत नाही. आजाऱ्याला नेणाऱ्या गाडीस तर सर्वांनी बाजूस होऊन वाट देणे, हे कर्तव्यच आहे. तराजूच्या एका पारड्यात ही तीन मिनिटे घातली आणि दुसऱ्यात शाळेतून घरी येणाऱ्या एका मुलाचे आयुष्य घातले, तर कोणते पारडे जड होईल, हे सांगावयास पंडित नको.

रस्त्यांची ही पुनर्रचना केवळ कल्पनेतील नाही. नेदरलँड्स हा युरोपातील एक छोटा देश आज सायकलींचा देश म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु तो पूर्वीपासून तसा सुरक्षित नव्हता. मोटारींची संख्या भराभर वाढली, तेव्हा तेथेही रस्ते मोटारींच्या स्वाधीन झाले. १९७१ या एका वर्षात त्या लहानशा देशात सुमारे ३,३०० माणसे अपघातांत मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा अर्थाचे नाव त्यांनी आपल्या चळवळीस दिले. मुलेही आपल्या सायकली घेऊन त्यांत सामील झाली. पुढे सरकारने व नगरपालिकांनी सायकलींचे स्वतंत्र मार्ग बांधले, वस्त्यांतील मोटारींचा वेग कमी केला, आणि आज तेथे लहान मुले एकटी सायकलवरून शाळेस जातात. जे एका देशाने केले, ते दुसऱ्यास अशक्य का असावे?

नाशिकला तर चालण्याची आणि सायकलीची परंपरा मोठी आहे. त्र्यंबकेश्वर येथे संत निवृत्तिनाथांची समाधी आहे. पौष महिन्यात तेथील यात्रेसाठी गावोगावच्या दिंड्या टाळमृदंगाच्या गजरात पायी येतात. सिंहस्थ कुंभमेळ्यात लक्षावधी यात्रेकरू गोदावरीच्या घाटांकडे पायीच लोटतात. नाशिकच्या हितेंद्र व महेंद्र महाजन या दोघा डॉक्टर बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरांची, सायकल शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. असा पराक्रम करणारा भारतीयांचा तो पहिला संघ होता. ज्या गावची माणसे सायकलवरून एवढा मोठा देश ओलांडून जातात, त्या गावच्या मुलास सायकलवरून शाळेपर्यंत निर्भयपणे जाता येऊ नये, हे शोभण्यासारखे नाही.

निर्भयपणे चालता येणे ही कोणाच्या दयेची गोष्ट नव्हे. तो हक्क आहे. आपल्या राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदाने प्रत्येकास जीविताचा हक्क दिला आहे. वापरण्याजोगी पायवाट मिळणे हा त्याच हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. परंतु हक्कामागे कर्तव्य सावलीसारखे चालते. जेथे पायवाट नाही, तेथे पादचाऱ्याने रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे, म्हणजे समोरून येणारे वाहन त्यास दिसते. सायकलवाल्याने डाव्या बाजूने, एकामागे एक जावे. वळण्यापूर्वी हात दाखवावा. घंटी, ब्रेक, पुढील दिवा व मागील लाल काच नीट ठेवावी. संध्याकाळी फिकट रंगाचे कपडे घालावेत. अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी गाडीचा कान पिळण्याचा मोह धरू नये. कारण त्यात स्वतःपेक्षाही वाटेवरच्या निरपराध माणसाचा जीव पणास लागतो.

विद्यार्थ्यांना आणखीही एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. आपल्या शाळेजवळच्या रस्त्यावर शिक्षकांसह सुरक्षित जागी उभे राहून तासाभरात किती माणसे पायी गेली, किती सायकली गेल्या, किती वाहने गेली, याची नोंद करावी. पायवाट कोठे तुटते, दिवा कोठे नाही, वळणावर काय दिसत नाही, याचा साधा नकाशा काढावा. तो नकाशा व ती नोंद विनंतीपत्रासह ग्रामपंचायतीस किंवा महानगरपालिकेस सादर करावी. तक्रार करणारे पुष्कळ असतात; मोजून, पाहून, नेमके सांगणारे थोडे असतात. नेमके सांगितलेले डावलणे कोणासही कठीण जाते.

पूर्वी वाटसरूंसाठी वाटेवर झाडे लावणे, विहीर खणणे, धर्मशाळा बांधणे यास आपल्याकडे पुण्यकर्म मानीत. पायी चालणाऱ्याच्या श्रमांचा विचार त्यामागे होता. काळ पालटला, तरी तो विचार जुना झालेला नाही. कोणताही रस्ता चांगला की वाईट, हे त्यावरून सर्वांत जलद जाणाऱ्याला विचारू नये. सर्वांत हळू जाणाऱ्याला विचारावे. बारा वर्षांचे मूल आणि सत्तर वर्षांची आजी ज्या वाटेने कोणाचा हात न धरता, पाण्याकडे निवांत पाहत जाऊ शकतात, तीच वाट खरी सुरक्षित. आणि तीच खरी सुंदरही.

अभ्यास

१. पाण्याकाठच्या रस्त्यावर अपघाताचा धोका अधिक का असतो?

२. ताशी ३० किलोमीटर आणि ताशी ६० किलोमीटर वेगाने येणाऱ्या गाड्यांमधील फरक आपल्या शब्दांत सांगा.

३. ‘झाडे आपल्या जागीच आहेत, रस्ता त्यांच्याकडे आला आहे,’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.

४. पवई तलावाच्या निकालातून कोणता बोध घ्यावा, असे पाठात म्हटले आहे? तो तुम्हांस पटतो काय? का?

५. पाण्याकाठचा पाच किलोमीटरांचा भाग ताशी ६० किलोमीटर वेगाऐवजी ताशी ३० किलोमीटर वेगाने ओलांडल्यास किती मिनिटे अधिक लागतील?

६. पुढील शब्दांचा व वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : मन सुन्न होणे, दार ठोठावणे, पणास लागणे, रीघ लागणे, निरपराध, पूर्ववत.

७. ‘हक्कामागे कर्तव्य सावलीसारखे चालते’ या विषयावर दहा ओळी लिहा.

८. तुमच्या शाळेजवळील रस्त्यावर पायवाट करावी, अशी विनंती करणारे पत्र ग्रामपंचायतीस किंवा महानगरपालिकेस लिहा.